फुमितो उएदा यांचे गेम: सुरुवात कुठून करू?

केतकीपान:
नमस्कार मंडळी. घरात पीएस४ (प्लेस्टेशन ४) आहे, पण त्यावर आजवर फुटबॉल आणि गाड्यांच्या शर्यतीच चालल्या. आता एखाद्या जपानी डिझायनरचं सगळं काम ओळीने खेळायचं मनात आहे, जसे आपण एकाच दिग्दर्शकाचे सिनेमे लावून बघतो. फुमितो उएदांचं नाव दोघातिघांनी सुचवलं. तीनच मोठे गेम आहेत म्हणे. क्रम सांगा. शेजारी नऊ वर्षांची लेक बसलेली असेल.

गडवाट:
'शॅडो ऑफ द कोलोसस'पासून. ब्लूपॉइंट स्टुडिओने २०१८ साली नव्याने केलेली आवृत्ती पीएस४ वरच आहे. सोळा महाकाय प्राणी, मध्ये किरकोळ शत्रूंची भरती नाही. तलवार उन्हात धरली की किरण एकवटून दिशा दाखवतात, मग ओसाड माळावरून घोडा दौडवायचा. समोरच्या धुडाच्या केसांना धरून वर चढायचं, आणि पकड सुटायच्या आत विसाव्याची जागा शोधायची. असं काही मी दुसरीकडे खेळलेलो नाही.

लेकीबद्दल एवढंच: यातले काही महाकाय आपण डिवचल्याशिवाय अंगावर येत नाहीत. त्यांना पाडल्यावर मोठ्यांनाही वाईट वाटतं. ती झोपल्यावर खेळा.

शाईदौत:
माझं मत वेगळं आहे. जमलं तर 'इको' (२००१) आधी, कारण पुढच्या सगळ्याचं बी त्यात आहे.

उएदा १९७० चे, ह्योगो प्रांतातल्या तात्सुनोचे. ओसाकाच्या कला विद्यापीठातून बाहेर पडले ते कलावंत व्हायला. १९९५ मध्ये 'वार्प' कंपनीत ॲनिमेटर झाले, १९९७ मध्ये सोनीत आले. 'इको' आधी पहिल्या प्लेस्टेशनसाठी चालला होता, तो पुढे पीएस२ वर नेला. त्यातल्या हालचाली हाताने रचलेल्या आहेत, नटांच्या अंगावरून टिपलेल्या नाहीत. शिंगं असलेला मुलगा योर्डा या मुलीचा हात धरून पळतो तेव्हा तिचा दंड ताणला जातो, ती मागे अडखळते. तिची भाषा आपल्याला कळत नाही. पडद्यावर शक्तीची पट्टी नाही, गुण नाहीत. जे काढून चालेल ते काढायचं, ही उएदांची पद्धत.

त्यांच्या तिन्ही गेममध्ये मला एकच प्रश्न दिसतो: आपल्या हुकमतीत नसलेल्या जिवाबरोबर वाट कशी चालायची? 'इको'त निदान हात धरता येतो. 'शॅडो'त (२००५) लगाम आहे, पण अ‍ॅग्रो घोडा सांगितल्या क्षणी वळेलच असं नाही, आणि अरुंद वाटेवर तो आपली आपण वाट काढतो. 'द लास्ट गार्डियन'मध्ये लगामही उरत नाही. ट्रिको हा पिसांचा प्रचंड प्राणी हाक ऐकून मान वळवतो, अंग झाडतो, दुसरीकडेच बघत राहतो, आणि मग कधीतरी उडी घेतो. यावरून पुष्कळ लोक वैतागले. माझ्या मते तो त्यांच्या कामाचा कळस आहे. आपल्याला वाट बघायला लावण्याचा ट्रिकोला हक्क आहे, हे मान्य केलं की गेम उलगडतो.

तो पूर्ण होणंही सोपं नव्हतं. २००९ मध्ये पीएस३ साठी जाहीर झाला, २०११ मध्ये उएदा सोनीतून बाहेर पडले तरी त्यावर काम करत राहिले, २०१४ मध्ये जेनडिझाइन हा स्टुडिओ काढला, आणि अखेर डिसेंबर २०१६ मध्ये गेम पीएस४ वर आला.

लेकीसोबत खेळायला हाच घ्या. काही प्रसंगी तिला ट्रिकोची काळजी वाटेल, तेव्हा जवळ बसा.

केतकीपान:
दोघांचे आभार. 'इको' पीएस४ साठी मिळतो का?

शाईदौत:
नाही, पीएस४ साठी वेगळी आवृत्ती निघाली नाही. २०११ चा एचडी संच पीएस३ चा आहे. ओळखीत कुणाकडे जुनं पीएस३ असेल तर मागून आणा. नसेल तर अडून बसू नका, गडवाट म्हणतात तसं 'शॅडो'पासून सुरू करा.

गडवाट:
हे मला पटलं. पण 'शॅडो' आणि 'गार्डियन' पाठोपाठ नको, मध्ये आठवडाभर जाऊ द्या. ट्रिकोकडे घाईने गेलं की तो हट्टी वाटतो.

रानपाखरू:
एक भर. उएदांचा पुढचा गेम डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला आहे, एपिक गेम्स तो प्रकाशित करणार आहे. झलकेत एक भलामोठा यंत्रमानव आणि त्याच्या अंगावर चढणारा माणूस दिसतो.

आणि पुढेमागे पीएस५ घेतलंत तर 'गार्डियन' डिस्कवर घ्या. अपडेट न करता चालवली तर तिथे तो सेकंदाला साठ फ्रेमपर्यंत (म्हणजे साठ चित्रांपर्यंत) जातो, पीएस४ वरचा अडखळता वेग राहत नाही.