विषय: मल्लम्माचं रेकॉर्डिंग मराठीत की कन्नडमध्ये? शनिवारपर्यंत मत कळवा

सचिव:

जय शिवराय.

बेळगावच्या शिवजयंती मिरवणुकीत यंदा आपल्या मंडळाच्या ट्रॉलीवर बेलवडीची राणी मल्लम्मा आणि शिवाजी महाराज यांचा देखावा आहे. त्याच्या संवादांच्या रेकॉर्डिंगला स्टुडिओ रविवारी सकाळी दहाचा मिळालाय. त्यानंतर त्यांच्याकडे बाकीच्या मंडळांची रांग आहे, म्हणजे पुढं ढकलता येणार नाही. बुधवारच्या बैठकीत तेवढं एक सोडून सगळं ठरलं.

निवेदन मराठीत, महाराजांचे संवाद मराठीत. यावर कुणाचंच दुमत नाही. मल्लम्माच्या तोंडी मोजकी वाक्यं आहेत, ती कुठल्या भाषेत घ्यायची तेवढं इथं लिहा. फोनवर सांगू नका. मागच्या वेळी पालखीच्या वाटेवरून फोनाफोनी झाली आणि काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

ट्रॉलीची उंचीही मला कळवा. वाटेतल्या तारांसाठी हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, पत्र द्यायचं आहे.

मामा (रेकॉर्डिंग):

संवाद आणि रेकॉर्डिंग हे काम माझ्याकडे आहे. त्यावर बैठकीत चर्चा करायची होती तर मला आधी सांगायला हवं होतं.

मल्लम्मा मराठीतच बोलावी असं माझं स्पष्ट मत आहे. हुतात्मा चौकात पोलीस गाडी किती वेळ उभी करू देतात ते तुम्ही जाणता. मागून पुढच्या मंडळाचे ढोल, समोर माणसांचा समुद्र. त्यात जे वाक्य कानावर पडताक्षणी समजत नाही ते वाया जातं. लहान पोरं आईला विचारतात, "ती काय म्हणाली?" तेवढ्यात ट्रॉली पुढं सरकलेली असते.

आणि दुसरं मनातलं लिहितो. दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं, असा 2024 पासून कायदा आहे. सरकारी अर्ज कन्नडमध्ये, बसवरची पाटी कन्नडमध्ये. शंभर वर्षांची परंपरा असलेली ही मिरवणूक म्हणजे आपली भाषा मोकळेपणानं कानावर पडायची रात्र. तीही वाटून द्यायची काय? माझ्या वडिलांनी याच ट्रॉलीवर मावळा केला होता. मला हे सोपं जाणार नाही.

काकी, वडगाव:

मामा, तुमचं दुःख मला कळतंय, तरी मी लिहिणार.

माझं माहेर बैलहोंगल. बेलवडी आमच्याच तालुक्यात. आमच्या घरी आजी चुलीपुढं कन्नड बोलायची आणि संध्याकाळी मराठी पोथी वाचायची. मल्लम्मा आम्हाला पुस्तकातून नव्हे, आजीच्या तोंडून कळली. नवरा लढाईत पडला, तरी बाई गढीवरून हलली नाही. 1678 साली महाराज दक्षिणेतून परत येताना ही लढाई झाली. अशी बाई समोर उभी राहून महाराजांशी बोलतेय आणि आपण तिच्या तोंडी आपली वाक्यं घालायची? मग तिचा मान तो काय राहिला?

मारुती गल्लीच्या कडेला रात्री दोन वाजता उभे असतात ते सगळे मराठीच असतात काय ओ? आमच्या शेजारची लिंगायत मंडळी दरवर्षी चटई घेऊन येतात. पाणी वाटतात ते कितीतरी दुकानदार मारवाडी आहेत. पोरांच्या वर्गात कोकणी आहेत, उर्दू बोलणारे आहेत. तेही महाराजांना बघायलाच येतात की.

धारवाडला माझी भाची नाटकात काम करते. आवाज खणखणीत आहे. रविवारी ती येते म्हणाली. लुगडं इरकली नेसवा. माझ्याकडे आहे, भाड्याचं आणू नका.

दुबईकर:

सगळ्यांना नमस्कार. शिवजयंती फेब्रुवारीत झाली ना? इकडे आम्ही 19 फेब्रुवारीला हॉल घेऊन केली. परत कसली?

धाकटे अण्णा:

दुबईकर, तुम्ही बेळगाव विसरलात. 19 फेब्रुवारी ही महाराष्ट्र सरकारची तारीख, 1630 चा जन्म धरून. आपल्याकडे जुन्या तिथीप्रमाणं वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी. चित्ररथांची मिरवणूक त्यानंतर. आणि तृतीयेला बसव जयंती. एकाच आठवड्यात दोन्ही उत्सव आणि रस्ते तेच. म्हणून मंडपवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर बांबू मिळत नाहीत. गेल्या वर्षी रामदेव गल्लीत आपली कमान एका बाजूला कलली होती. तसं पुन्हा नको.

दुबईकर:

धन्यवाद अण्णा. लाइव्ह दाखवा मग. नरगुंदकर भावे चौकातून सुरुवात होते तिथपासून दाखवा. दरवेळी निम्म्यातून सुरू करता.

खजिनदार:

भाषेचं नंतर बघू. हा देखावाच कशाला? बेलवडीच्या गढीला वेढा घातला तो आपल्याच फौजेनं. शिवजयंतीला तेच दाखवायचं काय? आग्र्याहून सुटका करूया. पेटारे गोदामात पडून आहेत, पोशाखांची ड्रेपरीपण निम्मी आपली आहे. खर्च वाचेल. जनरेटरचं भाडं वाढलंय, वर्गणी मात्र तेवढीच.

पोरांतर्फे एक:

खजिनदारकाका, आग्रा आपण किती वेळा केलं ते तुम्हीच सांगा. गल्लीतल्या पोरांना सगळे संवाद पाठ आहेत.

वेढा आपल्या फौजेचा होता, म्हणून तर हा देखावा करायचा. सरदार सखोजी गायकवाडानं बाईशी वाईट वागणूक केली, तेव्हा महाराजांनी आपल्याच सरदाराला कडक शिक्षा केली. जिंकलेल्या बाजूच्या राजानं हरलेल्या बाईला न्याय दिला. याच्याएवढी मोठी गोष्ट कुठली?

आणि हे काय आपण मनानं रचलेलं नाही. धारवाड जिल्ह्यात यादवाडच्या मारुतीच्या देवळात महाराजांचं दगडी शिल्प आहे. वर घोड्यावरचे महाराज, खाली मूल मांडीवर घेतलेले. ते मल्लम्माचं मूल, असं तिथले लोक मानतात. आम्ही तिथं जाऊन फोटो काढून आणलेत. ट्रॉलीवर तसंच उभं करायचंय. मागच्या पडद्यावर घोड्यावरची आकृती, पुढं मूल घेऊन बसलेले महाराज, बाजूला मल्लम्मा.

भाषेबद्दल काकींशी सहमत. मिरवणूक जिथून निघते तो चौकच बघा. भावे मराठी घराणं, संस्थान नरगुंदचं, म्हणजे अस्सल कन्नड मुलखातलं, आणि 1858 मध्ये इंग्रजांनी तिथल्या बाबासाहेब भाव्यांना फाशी दिली ती बेळगावात. आपला इतिहास असाच गुंतलेला आहे.

अक्का (पात्रं):

मांडीवरचं मूल कुणाचं घ्यायचं, तेवढं कुणीच लिहिलेलं नाही. बाळ चालणार नाही, दोन-तीन वर्षांचं पोर पाहिजे. मिरवणूक पहाटेपर्यंत चालते. दोन मुलं ठेवू, आलटून पालटून. आणि शिल्पात आहे तशी दुधाची वाटी हातात द्यायची असेल तर रिकामी द्या. ट्रॉलीला धक्का बसला की पोराच्या अंगावर सांडतं, मग रडतं, मग देखावा गेला.

खजिनदार:

वाटी माझ्याकडची घ्या. चांदीची आहे, परत मिळाली पाहिजे.

मामा (रेकॉर्डिंग):

रात्रभर विचार केला.

मल्लम्मा कन्नडमध्ये बोलू दे. पण माझ्या अटी आहेत. वाक्यं लहान असावीत. प्रत्येक वाक्यानंतर महाराजांच्या उत्तरातूनच तिचं म्हणणं प्रेक्षकांना कळलं पाहिजे. तसे महाराजांचे संवाद मी नव्यानं लिहितोय. ती म्हणते, माझं राज्य गेलं, माझ्या लेकराचं काय? महाराज मराठीत म्हणतात, "लेकराची काळजी तुम्ही करू नका, त्याचं राज्य त्यालाच आहे." म्हणजे मध्ये निवेदकानं तोंड घालायची गरज नाही आणि वेळही वाढत नाही.

दुसरी अट, कन्नड शुद्ध हवं आणि बैलहोंगलच्या बाजूचं हवं. टीव्हीवरच्या मालिकेसारखं नको. काकी, भाचीला शनिवारीच बोलवा, रात्री माझ्याकडे तालीम. जेवून जा म्हणावं.

तिसरं, पाटीवर आपल्या मंडळाचं नाव मोठ्या मराठी अक्षरात राहील. त्यावर बोलणं नाही.

काकी, वडगाव:

शनिवारी येतो आम्ही दोघी. जेवणाचं राहू दे, मी कुंदा घेऊन येतो.

धाकटे अण्णा:

कुंदा शहापूरहून आणा, स्टँडजवळचा नको.

सचिव:

ठरलं. रविवारी दहाला स्टुडिओ. मामा, भाची, महाराजांचा आवाज देणारे आणि पोरांपैकी दोघंच. गर्दी करू नका, तिथं जागा नाही. पेनड्राइव्ह दोन आणा.

मुलांच्या आईवडिलांशी अक्कांनी बोलावं. ड्रेपरीवाल्याला सोमवारी ॲडव्हान्स जाईल.

हेस्कॉमच्या पत्रासाठी ट्रॉलीची उंची अजून कुणीच कळवलेली नाही. मागच्या पडद्यावरच्या घोड्यासकट मोजा आणि आज रात्रीपर्यंत सांगा.