कोड लिहिताना जॅम बँडच का, आणि आमच्या ख्यालानं तुझं काय घोडं मारलंय?

तर्राट_टर्मिनल:
सहा वर्षं वेब डेव्हलपमेंट करतोय, अनुभवानं सांगतो, कोड लिहिताना जॅम बँडसारखं, म्हणजे स्टेजवर गाणं उत्स्फूर्त लांबवत नेणाऱ्या बँडसारखं, दुसरं काही नाही. ग्रेटफुल डेड, फिश, ऑलमन ब्रदर्स. डेडचं 'डार्क स्टार' १९६८ ला सिंगल म्हणून आलं तेव्हा तीन मिनिटांचंसुद्धा नव्हतं, पुढच्याच वर्षी 'लाइव्ह/डेड' या अल्बमवर तेच गाणं २३ मिनिटं चालतं. शब्द थोडेच, मग गिटार, बास आणि दोन ड्रमर एकमेकांचं ऐकत कुठंतरी निघून जातात नि फिरून परत येतात. काल रात्री एका कार्टचा बग चार तास छळत होता, वस्तू एक टाकली की दोन पडायच्या. डेडचा ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला शो लावला नि 'फायर ऑन द माउंटन' संपायच्या आत सापडला, एकच क्लिक दोन ठिकाणी बांधलेलं. आपल्याकडं असलं काही नाही राव. शास्त्रीय लावलं की झोप येते, आणि कोल्हापुरात डीजे सोडून ऐकतंय कोण?

काळी_दोन:
शेवटची दोन वाक्यं लिहिली नसतीस तर गप्प बसले असते. अरे, शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादियाखाँसाहेब गायले ते गाव हे. देवल क्लब ही गाण्याची संस्था १८८३ पासून आहे इथं. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई, त्यांची भैरवी व्हॉयेजर यानावर चढून सूर्यमालेबाहेर जायला निघाली, तीही १९७७ सालीच, तुझ्या कॉर्नेलनंतर चार महिन्यांच्या आत. आणि तू रंकाळ्यावर बसून म्हणतोस आपल्याकडं काही नाही. बंदिशीचा मुखडा घेऊन निघायचं, तालाची आवर्तनं फिरायची, समेवर म्हणजे पहिल्या मात्रेवर यायचं, तुझ्या जॅमला याहून वेगळं काय लागतं ते सांग. झोप येते म्हणे! विलंबिताची, संथ लयीची, पहिली दहा मिनिटं सोसत नाहीत नि २३ मिनिटांची गिटार चालते.
आणि खरं सांगू? तू ऐकतच नव्हतास. तू बग शोधत होतास. गाणं तुझ्यासाठी कूलरचा आवाज.

मंगळवारपेठकर:
कूलरचा आवाज 😂 संपला विषय. भावा, लॅपटॉप मिटव.

तर्राट_टर्मिनल:
झोपेचं मागं घेतो ताई, ते जरा जास्तच झालं. तसं डेडचा ड्रमर मिकी हार्ट अल्लारखाँसाहेबांकडं शिकलेला, झाकीरभाईंबरोबरचा त्याचा 'प्लॅनेट ड्रम' १९९१ चा, वर्ल्ड म्युझिकचं पहिलं ग्रॅमी त्यालाच मिळालं. म्हणजे नातं आहे हे मलाही माहिताय.
पण फरक बघा की. डेडनं १९८४ पासून टेपवाल्यांसाठी वेगळी जागाच ठेवली. तिकीट काढा, माइक उभा करा, रेकॉर्ड करा, वाटा, फक्त विकू नका. त्यांच्यासाठी गाणी लिहिणारा जॉन पेरी बार्लो १९९० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन, इंटरनेटवरच्या हक्कांसाठी लढणारी संस्था, काढणाऱ्यांतला. आम्हा ओपन सोर्सवाल्यांना, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्यांना, ही माणसं आपली वाटतात ती उगाच नाही. आणि इकडं? बंदिशीचा पहिला भाग स्थायी शिकवायची, दुसरा भाग अंतरा गिळायचा. अल्लादियाखाँसाहेबांच्या आवाजाची एक रेकॉर्ड दाखवा. नाहीच! एवढा मोठा माणूस आणि आपण फक्त आठवणी ऐकायच्या.

मंगळवारपेठकर:
हे मात्र शंभर टक्के. गेल्या हिवाळ्यात एका मैफलीला गेलो, नाव घेत नाही, मोबाईल नुसता मांडीवर उलटा ठेवलेला, कार्यकर्ता येऊन 'बंद करा ते' म्हणून असा ओरडला की बाई गाताना थांबल्या आणि सगळी सभा माझ्याकडं बघाय लागली. मी बायकोला 'उशीर होईल' एवढंच टाकत होतो. परत गेलो नाही.

लेथवाला:
ओरडला ते बरोबर केलं. मागच्या वर्षी माझ्या पुढच्या रांगेत एकानं टॅब वर धरलेला, दोन तास मी गवई त्या टॅबमधनंच बघितला.
आणि फुकट वाटा म्हणणाऱ्यांनी पहिला आपला कोड वाटावा. उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपची वेबसाइट एका पोरानं केली, पैसे पोचले, नंतर पासवर्ड मागितला तर म्हणतोय काका सोर्स कोडचे वेगळे. दोन वर्षं झाली, त्या साइटवर अजून जुनाच फोन नंबर हाय. हेच का तुमचं ओपन सोर्स? डेडवाल्यांनी सांगितलेलं काय असं?
बाकी काम करताना गाणं, त्याबद्दल. लेथवर कान मोकळा लागतो. बिडाचा जॉब चालू असताना टिप बोथट झाली की आवाज पहिला बदलतो, फिनिश मागनं बिघडतं. गाणं लावलेला पोरगा मी मशीनवर उभा करत नाही.

तर्राट_टर्मिनल:
काका, त्या पोराचं मला काय सांगताय, तो मी नाही. आणि कीबोर्डला टिप नसते.

लेथवाला:
नसंल. पण कान असत्यात न्हवं माणसाला?

पुण्यातला_कोल्हापुरी:
मधे बोलतो, कारण अर्धीच गोष्ट सांगितली जातीय. २००५ च्या नोव्हेंबरात इंटरनेट आर्काइव्ह या साइटवरचे डेडच्या शोचे डाउनलोड डेडच्याच बाजूनं बंद झाले. चाहत्यांनी दंगा केला तेव्हा प्रेक्षकांतनं केलेली रेकॉर्डिंगं परत आली, साउंडबोर्डवरची, म्हणजे थेट स्टेजच्या मिक्सरमधनं घेतलेली, मात्र ऐकायची फक्त, उतरवून घ्यायची नाहीत. म्हणजे अंतरा त्यांनीही गिळलाच, जरा उशिरा गिळला.

तर्राट_टर्मिनल:
वाटच बघत होतास वाटतं तू. हो, झालं तसं. पण हजारो शो आजही तिथं फुकट ऐकता येतात. तुझ्या पुण्यात कुठल्या गवयाचे हजार कार्यक्रम फुकट ऐकायला मिळतात, सांग की. आणि पुण्यात राहून कोल्हापुरी नाव लावायला कुणी सांगितलंय?

पुण्यातला_कोल्हापुरी:
आला लगेच गावावर. मुद्दे संपले की गावावर.

काळी_दोन:
भांडा तुम्ही. रेकॉर्डिंगचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमचे आबा बँकेत होते, गाण्याचं वेड. एका घरगुती बैठकीत टेपरेकॉर्डर पंचाखाली लपवून नेला होता त्यांनी. ६० ची कॅसेट. अर्धा तास झाला की बाजू पालटायला खोकल्याचं निमित्त करून बाहेर जायचं. त्यामुळं मारुबिहाग राग मधेच तुटतो, परत येतो तोवर द्रुत, जलद लयीची बंदिश, चालू झालेली. आणि सुरुवातीला आबांचाच आवाज आहे, 'पाणी ठेवलंय का गं', आईला.
आबा जाऊन अकरा वर्षं झाली. लपवून केलं ते चूकच, मी शिष्यांना नेहमी सांगते की विचारल्याशिवाय रेकॉर्ड करू नका. तरी ती कॅसेट टाकली नाही. त्यामुळं तुझ्या टेपवाल्यांना मी फार काही बोलणार नाही. एवढंच.

तर्राट_टर्मिनल:
ताई...
मग माझंही ऐका. नवरात्रात एका साडीवाल्यांची साइट सांभाळत होतो. रात्री हेडफोन घालून डेडच्या शोमधलं 'ड्रम्स' नि 'स्पेस' लावलेलं, म्हणजे मधे गाणंच नसतं, नुसते ड्रम नि मग नुसते आवाज. काम असं लागलं की वेळेचं भान नाही. सतरा मिस्ड कॉल. पेमेंटचं पान दीड तास पांढरंफटक होतं, मीच ढकललेल्या बदलामुळं. लेथवाल्या काकांचा कानाचा मुद्दा, हं, असेल.

लेथवाला:
असेल म्हणे! दीड तास!

मंगळवारपेठकर:
साडीवाल्यांनी काय केलं मग?

तर्राट_टर्मिनल:
दुसरा डेव्हलपर.
ताई, कॅसेट अजून चालते का? माझ्याकडं कॅसेट डेक आहे, बेल्ट नवीन टाकलाय. नुसती कॉपी करून देतो, कुठंही टाकणार नाही.

काळी_दोन:
चालते, पण घासते. रविवारी सकाळी राजारामपुरीला आण डेक, माझ्या क्लासवर. हेडफोन आणू नकोस, स्पीकर आण. आणि वाजत असताना लॅपटॉप उघडलास तर हाकलून देईन.

लेथवाला:
मी पण येतो. मला त्या पोराचा नंबर पण पायजे, तुमच्या लायनीतलाच हाय.

मंगळवारपेठकर:
आणि डीजेचं कोण बोलणार? यंदा विसर्जनाला आमच्या खिडकीची काच तडकली त्याचं?