बोलीचा आकडा उलटा काढा
भाडं थकलं की स्टोरेज युनिट, म्हणजे सामान ठेवायला भाड्याने घेतलेली खोली, आतल्या मालासकट लिलावात निघते. अशा पहिल्या युनिटवर बोली कितीपर्यंत न्यावी, असा प्रश्न नवख्यांना पडतो. दारातून दिसतंय तेवढ्याचीच बेरीज करा; बंद खोक्यांची किंमत शून्य धरा. भाव बघताना विक्रेत्यांनी मागितलेला नको, वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली तो बघा. त्यातून गाडीभाडं, कचरा टाकायचा खर्च, लिलावाचं कमिशन आणि कर वजा करा. उरेल त्याच्या निम्म्यावर थांबायचं, समोरचा कितीही चढवू दे.

आत पाय टाकायला सहसा परवानगी नसते, म्हणून झगझगीत टॉर्च हवा. खोक्यांवर नावं लिहिलेली, चिकटपट्टी नीट, जड माल खाली, म्हणजे कुणीतरी जपून रचलंय. पुढची धूळ विस्कटलेली आणि मधे रिकामी जागा असेल तर चांगला माल आधीच्या भाडेकरूने अगोदरच हलवलाय असं समजा. गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसले तर ढेकूण. तिथे बोलीच नको.

रिकामं करायला बहुधा दोन-तीन दिवसच मिळतात आणि अनामत जागा झाडून दिल्यावरच परत येते. फोटो, ओळखपत्रं, अस्थिकलश निघाले तर स्टोरेजच्या ऑफिसात जमा करायचे. आणि हो, स्वतःचं कुलूप न्या, पैसे भरल्याबरोबर लावायला. नवखे हेच हमखास विसरतात.