मदत हवी आहे: १९७८ ची पद्मिनी, चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही

नमस्कार मंडळी,

बाबांची १९७८ ची प्रीमिअर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी. बाबा गेल्यापासून चार वर्षं ती झाकूनच होती. दिवाळीच्या आत ती पुन्हा रस्त्यावर यावी अशी आईची फार इच्छा आहे, म्हणून तपशीलवार लिहितोय.

गाडीला मुळात डायनामो होता. त्याचं आर्मेचर जळालं होतं, म्हणून इथल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून ३५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवून घेतला. व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर त्याच्या आतच आहे. डायनामोचा जुना कटआउटचा डबा (बॅटरीतली वीज उलटी डायनामोत जाऊ न देणारा स्विच) मात्र जागेवरच आहे आणि चार्जिंगची वायर अजून त्यातूनच बॅटरीकडे जाते.

तेव्हापासून तीन त्रास सुरू झाले. चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं. चौथा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून ते मारावं लागतं. आईसमोर हे करताना फार वाईट वाटतं. दुसरं म्हणजे, रात्री हेडलाइट लावून तासभर फिरलं की सकाळी सेल्फ जड फिरतो. आणि तो नीट फिरला तरी इंजिन पटकन पकडत नाही, पाच-सहा वेळा मारावा लागतो. एकदा सुरू झालं की मात्र अजिबात मिसिंग नाही. पॉइंट, कंडेन्सर, प्लग सगळं नवीन आहे, पॉइंटची गॅप ०.४५ मिमी.

मल्टिमीटरने घेतलेली मापं: इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्ट. रेस देऊन, हेडलाइट लावून अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलवर १३.९, पण त्याच वेळी बॅटरीवर १३.१. चावी ऑन, इंजिन बंद, पॉइंट मिटलेले असताना कॉईलच्या (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या) प्लसवर फक्त १०.६. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंत ०.१, म्हणजे अर्थिंग ठीक असावं.

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागतच नाही. बल्ब उडाला होता म्हणून तिथे वायर थेट जोडून दिली आहे, असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. अल्टरनेटर तपासताना त्याने चालू इंजिनवर बॅटरीची केबलही काढून बघितली होती. जाणकारांनी कृपया सांगावं, सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद:

मापं दिलीत म्हणून उत्तर देता येतंय. मूळ त्या दिव्यात आहे. चावी ऑन केली की त्या बल्बमधून अल्टरनेटरच्या रोटरला (आतल्या फिरत्या चुंबकी गुंडाळीला) अगदी थोडा करंट मिळतो आणि तो जागा होतो. मग तो स्वतः वीज बनवू लागला की बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखाच व्होल्टेज येतो आणि दिवा विझतो. तुमच्याकडे मधला बल्बच नाही. त्यामुळे चालू अल्टरनेटरची वीज उलटी फिरून कॉईलला पोचते, चावी काढली तरी. सुरू होताना बरोबर उलटं घडतं. रोटर इग्निशन स्विचमधून तीन-चार अँपिअर खेचतो आणि कॉईल उपाशी राहते. सुरू झाल्यावर मिसिंग का नाही, तेही यातच आलं.

१२ व्होल्ट, २.२ वॅटचा साधा बल्ब लावा. एलईडी नको, त्यातून पुरेसा करंट जात नाही. त्यानंतरही इंजिन क्षणभर रेंगाळलं तर बल्बच्याच वायरीत एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका, पट्टीची बाजू अल्टरनेटरकडे. मग कॉईलचं माप पुन्हा घ्या. ते बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी आलं, तर स्विचमागची थिंबलं (वायरीच्या टोकाच्या धातूच्या टोप्या) काढून घासा.

चार्जिंगचं दुखणं वेगळं. ०.८ व्होल्ट त्या डब्यात आणि जुन्या वायरीत मरतोय. रेग्युलेटर मोजतो ते स्वतःच्या टर्मिनलवरचं, बॅटरी अर्धपोटी आहे हे त्याला कळत नाही. ६ चौरस मिमीची नवी वायर फ्यूज घालून थेट बॅटरीकडे न्या. काम करताना आधी मायनस काढून ठेवा. आणि चालू इंजिनवर बॅटरीची केबल परत कोणालाही काढू देऊ नका. डायनामोला ते चालून जायचं, अल्टरनेटरचे डायोड त्याने उडतात.

धागाकर्ता:

मनापासून आभार! आज बल्ब लावला. चावी फिरवली आणि इंजिन जागच्या जागी बंद झालं, आईने दोनदा करून बघायला लावलं. कॉईलवर आता ११.७ येतंय. स्विचमागचं एक थिंबल काळं पडलेलं दिसलं, ते उद्या बदलतो. नवी वायर रविवारी टाकेन.

आता एकच प्रश्न. तो कटआउटचा डबा मला दिसायला तरी जागेवर हवा आहे, त्याचं झाकण बाबा दर दसऱ्याला स्वतः पुसायचे. हेडलाइटची वायर अजून त्याच्याच टर्मिनलवरून निघते. डबा आतून पूर्ण मोकळा करून ती कुठे जोडू?