सेंद्रिय भाजी खरोखरच अधिक पोषक असते का?

घोडबंदरकर:
आमच्या संकुलात दर रविवारी सेंद्रिय भाजीचा स्टॉल लावण्याचा ठराव सभेपुढे आहे. स्टॉलला माझी हरकत नाही; हरकत आहे ती घरोघरी वाटलेल्या पत्रकाला, कारण त्यात ‘दुप्पट जीवनसत्त्वे, दुप्पट लोह’ असे ठोकून दिले आहे. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनकडून पन्नास वर्षांतील संशोधनाचा आढावा करून घेतला होता. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या आढाव्यात, सेंद्रिय आणि रासायनिक शेतीतील अन्नाच्या पोषणमूल्यात आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असल्याचा पुरावा आढळला नाही. २०१२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांचा निष्कर्षही साधारण असाच होता. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर वीस रुपयांना मिळणारी पालकाची जुडी स्टॉलवर पन्नासला पडणार असेल, तर बेतलेल्या खर्चाच्या घरात भाजीच कमी शिजेल. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खा म्हणते. आपल्यापैकी किती जणांचे ताट तिथवर पोहोचते?

सीवूड्सवासी गृहिणी:
आपण २०१२ वर थांबलात, हे सोयीचे झाले. २०१४ साली ब्रिटनच्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ शोधनिबंधांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि त्यात सेंद्रिय पिकांमध्ये पॉलिफेनॉलसारखी अँटिऑक्सिडंट (पेशींची हानी रोखणारी) द्रव्ये लक्षणीय जास्त, तर कॅडमियम हा विषारी धातू सरासरी ४८ टक्के कमी आढळला. यामागे कारणही आहे. रासायनिक खतांतून नत्र (नायट्रोजन) भरपूर मिळाले की झाड पाने आणि पाणी वाढवते आणि पॉलिफेनॉलसारखी स्वसंरक्षणाची द्रव्ये कमी बनवते. शिवाय फॉस्फेट खतांतून कॅडमियम जमिनीत उतरते. पत्रकातले ‘दुप्पट’ मलाही मान्य नाही, पण म्हणून फरकच नाही असे कसे म्हणता येईल?

घोडबंदरकर:
त्याच विश्लेषणात सेंद्रिय पिकांत प्रथिने कमी आढळली, हेही सांगायला हवे होते. पॉलिफेनॉल जास्त असणे आणि ते खाणाऱ्याची प्रकृती सुधारणे यांत बरेच अंतर आहे, आणि ते अंतर त्या अभ्यासाने ओलांडलेले नाही. लोह आणि कॅल्शियम हा आपल्या घरांतला खरा प्रश्न आहे. त्यांचा पॉलिफेनॉलशी जोडलेला संबंध बादरायण आहे.

मूळचा जुन्नरचा, सध्या ऐरोली:
दोन्ही बाजू शेतातच अडकल्या आहेत. भाजी तिथून निघाल्यावर काय होते ते कोणी बोलत नाही. आमच्याकडे मेथी दुपारनंतर उपटतात, जुड्या बांधून त्यांवर पाणी मारतात आणि गाडी रात्रीतून वाशीच्या बाजार समितीत पोहोचते. पहाटे जुडी सोडून पाहिली, तर वरची पाने टवटवीत असतात आणि मधली, एकमेकांवर दाबली गेलेली, गरम लागतात. पिवळेपणा तिथूनच सुरू होतो. क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातले एक जीवनसत्त्व) वेळ व उष्णतेने भराभर घटतात, मग खत शेणाचे असो वा गोणीतले. पॅक केलेली सेंद्रिय पालक तीन दिवस मॉलच्या रॅकवर राहिली, तर आज पहाटे उतरलेली साधी पालक क जीवनसत्त्वात तिच्यापेक्षा सरस ठरू शकते. वाण, जमीन आणि हंगाम यांनी पडणारा फरकही अनेकदा खताच्या फरकाहून मोठा असतो. (आणि पालेभाजी उकडून जीवनसत्त्वे उतरलेले पाणी मोरीत ओतणाऱ्यांनी या वादात न पडलेलेच बरे.)

सीवूड्सवासी गृहिणी:
ताजेपणाचा मुद्दा मान्य. परंतु माझ्या घरी दोन वर्षांचे मूल आहे आणि मी जास्त पैसे मोजते ते जीवनसत्त्वांसाठी नव्हे, तर फवारणीचे अवशेष टाळण्यासाठी. त्याच २०१४ च्या विश्लेषणात रासायनिक शेतीच्या पिकांत कीटकनाशकांचे अवशेष आढळण्याचे प्रमाण चौपट होते. नळाखाली धुतल्याने वरचे अवशेष कमी होतात. झाडाने आत शोषलेले औषध कसे धुवून काढणार?

घोडबंदरकर:
अवशेष आढळणे आणि ते कायद्याने ठरवलेल्या मर्यादेबाहेर असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. स्टॅनफर्डच्या आढाव्यातही सेंद्रिय मालात अवशेष कमी होते, पण साधा मालही क्वचितच मर्यादा ओलांडत होता. अर्थात ते नमुने बहुतेक परदेशातले होते, आपल्या बाजाराला ते जसेच्या तसे लावण्याचा माझा आग्रह नाही.

मूळचा जुन्नरचा, सध्या ऐरोली:
मग आधी माल सेंद्रिय आहे का, ते तरी पाहा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकांच्या जमिनीला रूपांतरासाठी साधारण दोन वर्षे लागतात. काल युरिया टाकणारा आज सेंद्रिय होत नाही. पाकीटबंद मालावर सरकारमान्य सेंद्रिय चिन्ह शोधा, सुट्ट्या मालासाठी शेतकरी गटाचे पीजीएस (शेतकऱ्यांनी एकमेकांची शेते तपासून दिलेले) प्रमाणपत्र मागा. सेंद्रिय म्हणजे बिनफवारणी, असेही नाही. गंधक आणि मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण तिथेही चालते.

सीवूड्सवासी गृहिणी:
हे पटण्यासारखे आहे. पत्रकातली ‘दुप्पट’ची ओळ खोडावी आणि तिच्या जागी गटाचे नाव, प्रमाणपत्र क्रमांक व तोडणीची तारीख छापावी.

घोडबंदरकर:
तारीख छापणार असतील, तर ठरावाच्या बाजूने हात वर करीन. पन्नास रुपयांबद्दल मात्र सभेत बोलणारच.