चौकीत पन्नास हजार घेऊन विषय संपत नसतो

मुलुंडकरीण
परवा 'गोरेगावकर' यांनी लिहिलं, "दारुड्याने उडवलं तर चौकीतच पन्नास हजार घ्या आणि विषय संपवा. कोर्टात गेलात तर चपला झिजतील, हाती भोपळा." खाली सगळे माना डोलावतायत. मला राहवलं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये माझा नवरा सेकंड शिफ्ट सुटून स्कूटरने घरी येत होता. विक्रोळीला हायवेवर मागून गाडीने उडवलं. उजव्या नडगीचे दोन तुकडे, आत रॉड. रात्री अडीचला पोलीस स्टेशनच्या बाकावर गाडीवाल्याच्या मामाने माझ्या हातात पाकीट ठेवलं. लग्नात आहेराला देतात ते, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं. आत चाळीस हजार आणि 'आमची काही तक्रार नाही' असा टाइप केलेला कागद, फक्त सही बाकी. मी सही केली नाही.

बेदरकार गाडी चालवण्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि दारू पिऊन चालवण्याचं मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, ही तडजोडीने मिटणारी कलमंच नाहीत. मामाला ते ठाऊक असणार. आणि गुन्ह्याचा खटला वेगळा, भरपाई वेगळी. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज करायचा, राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही चालतो. खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागत नाही. पण अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत २०२२ पासून लागू आहे आणि चौकीत कुणी सांगत नाही.

नवरा लेथवर आठ तास उभा राहून काम करतो. दाखल्यावर अपंगत्व १८ टक्के, पण उभंच राहता येत नसेल तर त्याचं काम शंभर टक्के गेलं. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये राजकुमारच्या खटल्यात हेच सांगितलंय, की कमाईवर काय परिणाम झाला ते बघा. वय ३४, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला १६ ने गुणायचं. आता त्याच्याशेजारी चाळीस हजार ठेवून बघा.

गोरेगावकर
ताई, तो मीच. माझ्या वडिलांना २०१३ मध्ये उडवलं. सात वर्षं केस चालली. पाचव्या वर्षी वडील गेले, वारस म्हणून माझं नाव लावण्यात आणखी आठ महिने. आयसीयूत रोज संध्याकाळी बिलाचा कागद यायचा, तेव्हा तुमचं कलम १६६ कुठे होतं? शेवटी रक्कम आली, त्यातली एक तृतीयांश वकिलाने नेली. आईचं मंगळसूत्र सुटलं नाही ते नाहीच.

वर विमा कंपनी म्हणते, ड्रायव्हर प्यायलेला होता, आम्ही देणार नाही. यावर काय म्हणणं आहे?

फोर्टातला वकील
विमा कंपनी तसं म्हणते, बरोबर. पण तिसऱ्या व्यक्तीला, म्हणजे गाडीने उडवलेल्याला, पैसे आधी कंपनीनेच द्यायचे आणि मग गाडीमालकाकडून वसूल करायचे, असे आदेश होतात. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये हेच केलं. जखमीला दारू सिद्ध करावीच लागत नाही, निष्काळजीपणा पुरतो. एफआयआर, पंचनामा, स्कूटरला मागून बसलेला मार, बस्स.

दारू लागते ती शिक्षेसाठी. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर. 'तोंडाला वास येत होता' एवढं लिहून भागत नाही, सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्येच सांगितलंय. म्हणून रक्त वेळेत घेतलं का, हे नातेवाइकांनी त्याच रात्री विचारावं.

आणि गोरेगावकर, निकालाच्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. तक्रार करायला हवी होती.

वॉर्डातली सिस्टर
नियमात बसत नाही म्हणे! वीस वर्षं ऑर्थोपेडिक वॉर्डात काढली मी. पेशंट भुलीतून बाहेर यायच्या आधी एक्स-रेच्या पाकिटात कुणीतरी कार्ड खोचून गेलेला असतो. बायको रडत असते, तिच्याकडून वकीलपत्रावर सही, वर दोन कोरे चेक. या माणसाला वॉर्डात सोडतं कोण? आमच्यातलेच काही जण सोडतात, हे सांगताना मान खाली जाते.

फोर्टातला वकील
दलालांचं समर्थन मी करत नाही. पण ज्याच्याकडे रिक्षाला पैसे नाहीत त्याची केस चार वर्षं फुकट कोण चालवणार? सरसकट सगळ्यांना चोर म्हणू नका. मी अर्जाचा खर्च स्वतः घालतो.

वॉर्डातली सिस्टर
चोर मी म्हटलं नाही. ती टोपी तुम्हीच स्वतःच्या डोक्यावर चढवलीत. कायदेशीर सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, स्त्रीला, औद्योगिक कामगाराला, अपंग व्यक्तीला, उत्पन्न न बघता. हे तुमच्यापैकी किती जण पेशंटला सांगतात?

गोरेगावकर
मोफत वकील तारखेला उगवतो का? आमच्या चाळीतल्या बाईंचा तीन तारखांना आलाच नाही.

माहीमकर
वकिलांवरून काय भांडताय! मूळ दुखणं दारूचे बार. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू नको, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश डिसेंबर २०१६ चा. २०१७ मध्ये शहरांच्या हद्दीला सूट मिळाली आणि आपल्याकडे सगळं पुन्हा जिथल्या तिथे.

मुलुंडकरीण
माहीमकर, पटतं. पण माझ्या नवऱ्याचा पाय आधी मोडलाय, त्याबद्दल बोलू द्या.

गोरेगावकर, तुमच्या आईचं वाचून गलबलून आलं. तुमचं सात वर्षांचं दुःख खरं आहे. पण त्यावरून दुसऱ्यांना सही करायला सांगू नका. २०२५ पासून अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचारांची योजना आहे. आणि त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाच्या पूर्ण पीठाने सांगितलं, मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा करायचे नाहीत.

फोर्टातला वकील
एक जोडतो. कलम १६४ खाली, चूक कुणाची हे न बघता, गंभीर दुखापतीला अडीच लाख आहेत. विमा कंपनी तडजोडीत ते पुढे करते आणि माणूस घाईत घेतो. घेतले की १६६ चा अर्ज संपला. लेथवरच्या ३४ वर्षांच्या माणसाने ते घेऊ नयेत. सहा महिन्यांच्या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

सिस्टर, मोफत वकिलाचं मी अशिलांना सांगत नव्हतो. इथून पुढे सांगेन.

गोरेगावकर
सहा महिन्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या वेळी असली मुदतच नव्हती. बाकी माझं मत तसंच आहे, पैसे येईपर्यंत घर कोण चालवतं याचं उत्तर कुणाकडेच नाही.

पण आमच्या शेजारच्या मुलाला कांजूरला उडवलंय. चार महिने झाले, अजून अर्ज नाही. मीच त्यांना सांगितलं होतं की नादी लागू नका. काय काय कागद लागतात?

मुलुंडकरीण
एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं अगदी रिक्षाची चिठ्ठीसुद्धा, पगाराची स्लिप, गाडीच्या विम्याची प्रत. ती पोलिसांकडून लेखी अर्ज देऊन मागायची. माझ्या अर्जाची प्रत आज रात्री पाठवते. त्यांना उद्याच घेऊन जा, दोनच महिने उरलेत.