मदत हवी आहे: बाळाच्या लाल गाठीचं औषध आणि हाताच्या नसेचे उपचार एकत्र चालतात का?

रानवारा
लवकर उत्तर हवंय. मुलीच्या उजव्या खांद्यावर लाल गाठ आहे, तिच्यासाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू केलंय. त्याच हाताची नस बाळंतपणात दुखावली, त्यासाठी व्यायाम आणि पट्ट्या लावून विजेचा सौम्य करंट सांगितलाय. स्किनचे डॉक्टर म्हणतात हाताचं हाताच्या डॉक्टरांना विचारा, हाताचे म्हणतात गाठीचं स्किनवाल्यांना विचारा. दोन्ही एकत्र चालतं का, हो की नाही एवढंच सांगा. गुरुवारी जायचंय.

चिंगीची_आई
अहो, बाळ किती महिन्यांचं? वजन? गाठ जन्मतःच होती की नंतर आली? हे कळल्याशिवाय हो-नाही कसं सांगणार?

मीठभाकर
माझं ऐका, ते औषध बंद करा. ते ब्लडप्रेशरचं आहे, माझे वडील घेतात. माझ्या भाचीच्या गालावर अशीच गाठ होती. काही केलं नाही, शाळेत जायच्या वयापर्यंत आपोआप फिकी पडली.

चिंगीची_आई
मीठभाकर, पूर्वी सगळे डॉक्टरही हेच सांगायचे. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी एका बाळाला हृदयासाठी हे औषध दिलं आणि त्याची गाठ मऊ पडून उतरायला लागली, ते त्यांनी २००८ मध्ये छापलं. तेव्हापासून हिमँजिओमावर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अशा लाल गाठींवर, हेच पहिलं औषध झालं. लहानशी, अडचण नसलेली गाठ सोडून देतात हे खरं. पण चिंगीची पापणीवर होती, डोळा झाकायला लागली होती. वाट बघितली असती तर नजर गेली असती. कुणाच्या तान्ह्या बाळाचं चालू औषध असं बंद करायला सांगू नका.

मीठभाकर
पापणीची गोष्ट वेगळी. इथे खांदा आहे, कपड्याखाली झाकलेला.

रानवारा
अडीच महिने. वजन ५ किलो ६००. जन्मतः फक्त फिकट गुलाबी ठिपका होता, तिसऱ्या आठवड्यापासून फुगला. आता लिंबाएवढा आहे आणि काखेच्या बाजूला कातडी फाटून ओली झाली म्हणून औषध दिलं. आता सांगा.

सुमनमावशी
आमच्या नातवाच्या कमरेवर निळसर हिरवट डाग होता. वर्षभर खोबरेल चोळलं, गेला. तुम्हीही रोज मालिश करा. बाळाच्या आईने ग्रहणात काही चिरलं होतं का?

चिंगीची_आई
मावशी, कमरेवरचे ते निळसर डाग आपल्याकडे किती तरी बाळांना असतात आणि तेल न लावताही जातात. ही रक्तवाहिन्यांची गाठ आहे, चोळली तर रक्त येईल. आणि ग्रहणाचं कृपा करून काढू नका. मला सासरी सहा महिने तेच ऐकवलं गेलं. बाळ कुशीत घेऊन मी मोरीत जाऊन रडायचे.

रानवारा
माझ्या बायकोलाही ऐकवतात. पण तो विषय नको आता.

हातवळण
मी फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलांचंच काम करते. बोटं हलवते का? मूठ धरते का? कोपर वाकवून हात तोंडाकडे नेते का?

रानवारा
बोट दिलं की घट्ट धरते. कोपर वाकवत नाही, हात अंगालगत सरळ पडलेला असतो, तळवा मागे वळलेला. जन्माचं वजन ४ किलो २००, खांदा अडकला होता.

हातवळण
म्हणजे मानेतून हाताला येणाऱ्या नसांपैकी वरच्या दोन दुखावल्यात. बऱ्याच बाळांचा हात सुधारतो. पण तीन महिन्यांपर्यंत कोपर वाकलं नाही तर या नसांचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला दाखवाच, वर्ष घालवू नका.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: या औषधामुळे व्यायाम थांबवावा लागत नाही. लंगोट बदलताना दरवेळी दोन मिनिटं, कोपर अंगाला टेकवून हात हळू बाहेर वळवायचा, गाठीवर बोटं न दाबता. करंटच्या पट्ट्या मात्र फाटलेल्या कातडीवर अजिबात नकोत. मालिशवाल्या बाईंना तो हात ओढू देऊ नका, काखेत धरून उचलू नका. झबलं घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. तुम्ही स्वतः बाहीत बोटं घालून तिचा हात पकडा आणि बाही वर सरकवा.

गोडुली
आमच्याकडे बी-१२ च्या थेंबांनी हात सुधारला.

हातवळण
डॉक्टरांनी दिले असतील तर द्या. पण तुटलेली नस थेंबांनी जुळत नाही. तो हात आपोआपच सुधारत असणार.

गोडुली
तुम्हाला कसं माहीत? तुम्ही पाहिलं होतं का माझं बाळ?

चिंगीची_आई
रानवारा, गुरुवारी नेमकं कशाला जायचंय? ते लिहिलंच नाहीत.

रानवारा
मानेच्या एमआरआयला. झोपेचं औषध देऊन करणार. पहाटे ५ नंतर दूध नाही, नंबर ९ चा आहे. मागच्या वेळी सोनोग्राफीला १२ वाजले होते.

चिंगीची_आई
अहो, हे सगळ्यात आधी सांगायचं! एमआरआयवाल्यांना प्रोप्रॅनोलॉल चालू आहे हे माहीत आहे का?

रानवारा
फॉर्मवर विचारलं नव्हतं.

चिंगीची_आई
आजच फोन करा. हे औषध पोटात दूध असतानाच द्यायचं असतं. उपाशीपोटी दिलं तर साखर उतरते. चिंगीला एकदा उलट्या होत असताना मी सवयीने डोस दिला. अर्ध्या तासात कपाळ गार, घामाने केस चिकटलेले, हलवलं तरी डोळे उघडेना. दवाखान्यात ग्लुकोज दिल्यावर रडली. ते रडणं ऐकून माझे पाय लटपटले. बाळ दूध पीत नसेल, उलट्या होत असतील किंवा छातीत घरघर असेल तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, हे तेव्हा कळलं.

हातवळण
बरोबर. भूल देणाऱ्या डॉक्टरांशीच बोला: सकाळचा डोस द्यायचा की नाही, पहिला नंबर मिळेल का, उशीर झाला तर ग्लुकोज लावणार का. स्वतःच्या मनाने डोस थांबवू नका आणि देऊही नका. एवढ्या लहान बाळाचा एमआरआय कधी कधी दूध पाजून, गुंडाळून, नुसत्या झोपेतही होतो, तेही विचारून बघा.

मीठभाकर
एवढं जोखमीचं आहे म्हणूनच म्हणत होतो.

चिंगीची_आई
जोखीम माहीत असली की सांभाळता येते. फाटलेली गाठ तशीच ठेवण्यातही जोखीम आहेच.

रानवारा
फोन झाला. भुलीच्या डॉक्टरांना खरंच माहीत नव्हतं. नंबर सकाळी ७ चा केला, दूध ३ पर्यंत पाजा म्हणाले. सकाळचा डोस घरी द्यायचा नाही. बाटली सोबत आणा, तपासणी होऊन बाळ नीट दूध प्यायलं की तिथेच सांगतो म्हणाले. स्किनच्या डॉक्टरांशीही ते बोलणार आहेत. करंट सध्या बंद ठेवलाय. काल चिडून लिहिलं, राग मानू नका, चार रात्री झोप नाही. झबल्याचं सांगितलंत तसं आज केलं, बाही घालताना रडली नाही.